राजीनामा लिहून द्यावा का? पायामुळे मशीनवर उभं राहता येत नाही, ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळेल का?

गोदाकाठ | ११ जून २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना नीट सांगता येईल.

दादा ४७ वर्षांचा. नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २००९ पासून सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका रविवारी वणीच्या गडावरून दर्शन घेऊन येताना दुचाकी घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. प्लेट टाकली, पण हाड वेळेत जुळलं नाही, म्हणून कमरेचं हाड काढून दुसरं ऑपरेशन झालं. ईएसआयमधून (कामगारांच्या सरकारी विम्यातून) आधी आजारपणाचे ९१ दिवस आणि पुढे वाढीव लाभ मिळाला, त्यामुळे घर चाललं. २ जानेवारी २०२३ ला तो परत कामावर गेला. हाड आता जुळलंय, पण गुडघा काटकोनाच्या पुढे वळत नाही आणि तो पाय थोडा आखूड झालाय. अर्ध्या तासाच्या वर उभं राहिलं की घोट्यापासून वर सूज येते. डॉक्टरांनी 'हलकं काम' असं लिहून दिलंय.

दादाने घरून एक स्टूल नेलं होतं. दोन जॉबच्या मध्ये मिनिटभर टेकायचा. आठवड्याने ते मशीनजवळून उचललं. सुरक्षेच्या नियमात बसत नाही म्हणाले.

परवा ऑफिसात बोलावून एक टाईप केलेला कागद हातात दिला: 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.' तारखेची जागा कोरी. 'सही कर, सगळा हिशोब एकरकमी देतो. नाहीतर कामावरून काढावं लागेल, मग नाव खराब होईल,' असं म्हणाले. शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. तो कागद दादाने देवघरात समईखाली ठेवलाय आणि तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाहीये.

पगार १८,६०० रुपये. ईएसआय दर महिन्याला कापलं जातं. नोकरी गेली तर ईएसआयकडून भत्ता मिळतो असं ऐकलंय. आधी राजीनामा देऊन मग अर्ज केला तर चालेल का?

जुना_युनियनवाला | ११ जून २०२३, रात्री १०:२५

ताई, सगळ्यात आधी सांगतो. दादांना म्हणावं, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमधून तीस वर्षं युनियनचं काम केलं. ज्यांना भत्ता मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, त्यातले निम्म्याहून अधिक त्या एका ओळीमुळे अडकले: 'स्वखुशीने राजीनामा'. ज्याने आपण होऊन नोकरी सोडली त्याला बेरोजगारी भत्ता नाही. मग पाय मोडलेला असो की कंबर गेलेली. फाईलमध्ये पाय दिसत नाही, राजीनामा दिसतो.

ईएसआयच्या दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. तिच्यात बेरोजगारीची तीनच कारणं चालतात: कारखाना बंद पडणं, कामगार कपात, आणि कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे आलेलं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व. हे तिसरं कारण दादांसारख्यांसाठीच आहे. रविवारी, देवदर्शनाहून येताना झालेला अपघात म्हणजे कामाबाहेरची इजा. पहिले १२ महिने सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, आणि तेवढा काळ घरच्यांचे औषधोपचार चालू. नवं कौशल्य शिकायचं असेल तर त्या प्रशिक्षणाचा खर्चही ईएसआय उचलते.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. हिच्यात अपंगत्वाची अट नाही, पण रक्कम थोडी: आयुष्यात एकूण ९० दिवस. सुरुवातीला रोजच्या सरासरी पगाराच्या २५ टक्के होती, करोनाच्या काळात ५० टक्के केली आणि ती सवलत यंदा, २०२३ मध्येही चालू आहे. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो, तोही थेट ईएसआयच्या शाखेत, मालकाच्या सहीसाठी अडून न राहता. गैरवर्तनासाठी काढलेला, वयाने निवृत्त झालेला आणि स्वेच्छेने निवृत्ती घेतलेला या तिघांना ती नाही.

आता ढोबळ हिशोब करू. १८,६०० म्हणजे रोज ६२०. त्याचे निम्मे ३१०. अटल योजनेचे ९० दिवसांचे होतात २७,९००. राजीव गांधी योजनेचे पहिल्या वर्षाचे १,१३,१५० आणि दुसऱ्या वर्षाचे ५६,५७५, मिळून १,६९,७२५. राजीनामा दिला तर यातलं काहीच नाही.

आणि तो 'सगळा हिशोब' म्हणजे काय ते विचारा. २००९ पासून नोकरी आहे, म्हणजे पाच वर्षं केव्हाच झाली. ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची आहे, राजीनामा दिला तरी आणि काढलं तरी. पीएफ त्यांचाच आहे. शिल्लक रजेचे पैसे त्यांचेच. जे द्यायलाच लागणार आहे ते देतो म्हणून सही मागतायत.

गोदाकाठ | ११ जून २०२३, रात्री ११:०५

काका, तुमचं उत्तर दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो उठून पाणी प्यायला आणि म्हणाला, 'परत एकदा वाच.' मनापासून आभार.

पण एक शंका. कंपनीने काढलं तर ती 'कपात'च झाली ना? मग ४० टक्क्यांचा प्रश्न कशाला?

जुना_युनियनवाला | १२ जून २०२३, सकाळी ७:१५

नाही ताई, आणि ही खाच फार कमी जणांना माहीत असते. आज, २०२३ मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २ (ओओ) मध्ये कामगार कपातीची व्याख्या आहे. त्यात काय मोडत नाही तेही लिहिलंय: स्वेच्छानिवृत्ती, वयाने होणारी निवृत्ती, कराराची मुदत संपणं, आणि 'सततच्या आजारपणामुळे' नोकरी संपवणं. म्हणजे काम कमी झालं म्हणून काढलेला धडधाकट माणूस कपातीत मोडतो. त्याला वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई मिळते आणि राजीव गांधी योजनेचं दारही उघडतं. शरीर साथ देत नाही म्हणून काढलेल्याला मात्र मालक म्हणतो की ही कपात नव्हेच, आजारपण आहे. त्याला उरतो तो ४० टक्क्यांचा दाखला.

म्हणून काढायचंच असेल तर सेवासमाप्तीचं पत्र लेखी मागा आणि त्यात कारण लिहायला लावा. दादा चौदा वर्षं ज्या मशीनवर उभे राहिले तिथे त्यांना बसून करण्याजोगं एकही काम नाही, हे कंपनीने आपल्या हाताने लिहून द्यावं.

पिंपरीचा_एचआर | १२ जून २०२३, दुपारी १:३०

मी याच कामात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

छोट्या कारखान्यात सगळी मशीन उभ्यानेच चालवायची असतात. तपासणी आणि टूल स्टोअर धरून बसून करायची कामं दोन-तीन, आणि तिथे आधीच माणसं आहेत. सरकारी नोकरीत गोष्ट वेगळी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही. दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागतं, तसं पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद निर्माण करावं लागतं. खाजगी कारखान्यावर ते कलम लागू नाही.

पण राजीनामा लिहून घेणं चूक आहे हे मीही म्हणतो. कंपन्या तो घेतात त्यामागचं कारण असं की काढलं तर वाद कामगार उपायुक्तांकडे जाऊ शकतो, राजीनाम्यात तो तिथेच मिटतो. आमच्या कंपनीत मी हा प्रकार बंद करायला लावला.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर हजेरी भरताना एखाद्याचे दिवस शून्य असतील तर कंपनीला कारण निवडावं लागतं. तिथे 'नोकरी सोडली' आणि 'कामगार कपात' हे वेगवेगळे पर्याय आहेत. क्लार्क सवयीने 'नोकरी सोडली' निवडतो. पीएफच्या पोर्टलवरही नोकरी संपल्याचं कारण असंच भरतात. दोन्हीकडे काय भरलंय ते दादांनी स्वतः तपासावं आणि चुकीचं असेल तर लगेच लेखी हरकत घ्यावी.

जुना_युनियनवाला | १२ जून २०२३, दुपारी २:१०

पोर्टलचा मुद्दा लाखमोलाचा सांगितलात साहेब.

अजून एक. दादांनी घरी बसू नये. चिडून किंवा खचून माणूस आठ दिवस गेला नाही की 'परस्पर काम सोडलं' अशी नोटीस येते, आणि ती राजीनाम्याइतकीच घातक. रोज गेटवर जा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र टाका.

इचलकरंजीकर | १३ जून २०२३, रात्री ८:५०

धागा वाचून वाईट वाटलं आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. माझे वडील यंत्रमागावर ३५ वर्षं. उजवा खांदा कामातूनच झिजला, आता हात कानाच्या वर जात नाही. शेडमध्ये सहा माणसं. ईएसआय नाही, पीएफ नाही. मालक माणूस म्हणून चांगला, पण त्याचेही माग भंगारात चाललेत. यांच्यासाठी काही आहे का?

जुना_युनियनवाला | १३ जून २०२३, रात्री ९:३०

दहापेक्षा कमी कामगार असतील तर ईएसआय लागू होत नाही, आणि आपल्या राज्यात यंत्रमाग कामगार मोठ्या संख्येने असाच बाहेर राहिलाय. कामावर अपघात झाला असता तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा करता आला असता. वर्षानुवर्षं झिजलेला खांदा तिथे सिद्ध करणं फार जड जातं. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाची तपासणी करून घ्या, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. ४० टक्के भरले आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असेल तर तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. बेरोजगारीचा भत्ता म्हणाल, तर त्यांच्यासाठी नाही. हे लिहिताना मलाही जड जातंय.

माणदेशी | १४ जून २०२३, सकाळी ६:४०

इथे रोजगार हमीचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. गावाकडे जॉबकार्ड असेल तर मनरेगात दिव्यांग माणसालाही काम मागता येतं आणि त्याला झेपेल असं काम द्यायचं असतं: झाडांना पाणी घालणं, कामावर पाणी पाजणं, मजुरांची पोरं सांभाळणं. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा बेरोजगार भत्ता कायद्यात लिहिलाय. यंदा, म्हणजे २०२३-२४ मध्ये, आपल्याकडे मजुरी २७३ रुपये आहे.

पण मागणी लेखी हवी. आमच्या वाडीत एक काकू आहेत, डाव्या हाताची तीन बोटं नाहीत. त्या दर वेळी तोंडी विचारायच्या आणि 'तुम्हाला टिकाव धरता येणार नाही' असं ऐकून परत यायच्या. शेवटी आम्ही त्यांना नमुना ४ भरून दिला आणि तारखेची पोच घेतली. भत्ता द्यायची वेळच आली नाही. बाराव्या दिवशी रोपवाटिकेवर पिशव्या भरायचं काम मिळालं. बसून करतात, आणि त्यांच्याइतक्या भराभर कोणी भरत नाही.

एडिसनची_मावशी | १४ जून २०२३, रात्री ११:१५

इथे न्यू जर्सीत उलटी अडचण आहे. बेरोजगारी भत्ता घ्यायचा तर तुम्ही काम करायला सक्षम आहात, उपलब्ध आहात आणि काम शोधताय हे दाखवावं लागतं. 'मला काहीच जमत नाही' म्हटलं की तो अर्ज गेला. पण अशांसाठी राज्याचा तात्पुरत्या अपंगत्वाचा वेगळा विमा आहे. कामाबाहेरच्या आजारासाठी सरासरी पगाराच्या ८५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत आणि जास्तीत जास्त २६ आठवडे. माझ्या यजमानांच्या पाठीच्या वेळी आम्ही आधी चुकीच्या खिडकीवर गेलो होतो. उभ्याचं काम जमत नाही पण बसून आठ तास करू शकतो, हे डॉक्टरांकडून नेमक्या शब्दांत लिहून घेतल्यावर पुढे सगळं सुरळीत झालं.

दादांनीही डॉक्टरांकडून तसंच घ्यावं. नुसतं 'हलकं काम' नको. किती वेळ उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, बसून काय करता येतं, सगळं आकड्यात.

गोदाकाठ | २१ जून २०२३, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. काय घडलं ते सांगते.

शुक्रवारी दादाने तो कागद सही न करताच परत दिला. सोबत स्वतःचं पत्र दिलं: बसून करायचं कोणतंही काम द्या, मी यायला तयार आहे. त्यांनी पोच दिली नाही, म्हणून त्याच दुपारी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. डॉक्टरांनी मावशींनी सांगितलं तसं लिहून दिलं: सलग २० मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये, १० किलोपेक्षा जास्त उचलू नये, बसून पूर्ण पाळी करू शकतो.

काल कंपनीचं पत्र आलं. ३० जूनपासून सेवा समाप्त, कारण 'प्रकृतीच्या कारणास्तव कामास असमर्थ'.

ईएसआयच्या शाखेत जाऊन आलो. कोणाचा दाखला चालतो हे आधीच विचारलं, त्यांनी वैद्यकीय मंडळाकडे पाठवायला सांगितलं. तिथल्या बाईंनी दादाला खुर्ची दिली आणि त्याच्या नावावरचे भरलेले दिवस संगणकावर दाखवले.

इथे एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अटल योजनेला दोन वर्षं विमाधारक असावं लागतं. शिवाय नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत किमान ७८. ईएसआयच्या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दादा २ जानेवारीला परत गेला, म्हणून मार्चअखेर त्याचे ८१ दिवस भरले. फक्त तीन दिवस जास्त! दुखतंय म्हणून जानेवारीत अजून चार दिवस घरी राहिला असता तर हेही हातचं गेलं असतं. आजारपणामुळेच दिवस कमी पडतात आणि त्यामुळेच लाभ जातो, हे बदलायला हवं.

ठेक्यावरचा_पोरगा | २२ जून २०२३, दुपारी १२:२०

माझा ठेकेदार दर सात महिन्यांनी बदलतो आणि प्रत्येक जण नवीन ईएसआय नंबर काढतो. माझे तीन झालेत. मनगटाचा त्रास सुरू झालाय. मला हे लागू होईल का?

पिंपरीचा_एचआर | २२ जून २०२३, दुपारी १२:५५

आजच शाखेत जा आणि तिन्ही नंबर एकत्र करायचा अर्ज दे. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. आयुष्यभर एकच. तीन नंबरांवर दिवस विखुरले तर एकावरही अट पूर्ण होत नाही. पुढच्या ठेकेदाराला कामाच्या पहिल्या दिवशी जुना नंबर लिहून दे. मनगट दाखवायला ईएसआय दवाखान्यातच जा, म्हणजे त्याची नोंद राहील.

गोदाकाठ | ३ सप्टेंबर २०२३, सायंकाळी ६:१०

शेवटचं कळवायचं राहिलं होतं.

मंडळाने ३५ टक्के दिले.

गुडघा मोजला, पायाची लांबी टेपने मोजली, चालून दाखवायला सांगितलं. सगळं नीट केलं, कोणाबद्दल तक्रार नाही. पण उभं राहिल्यावर चाळिसाव्या मिनिटाला पाय कसा होतो, ते त्या मोजमापात कुठे येणार? पाच टक्क्यांनी दोन वर्षांचा भत्ता गेला. ३९ आणि ४० च्या मध्ये अशी भिंत का असावी, कमी टक्क्यांना कमी महिने असं का नसावं, हा प्रश्न मी जिथे जाईन तिथे विचारणार आहे. ज्या मशीनवर चौदा वर्षं पोट भरलं ते चालवता येत नाही, म्हणजे त्या माणसापुरतं ते शंभर टक्केच आहे.

अटल योजनेचा अर्ज ऑगस्टमध्ये केला होता, तो मंजूर झाला. कंपनीने पोर्टलवर 'नोकरी सोडली' असंच भरलं होतं. सेवासमाप्तीचं पत्र आणि पोस्टाची पावती दाखवल्यावर शाखेने अर्ज घेतला. ग्रॅच्युइटीही मिळाली. नुकसानभरपाईसाठी कामगार उपायुक्तांकडे तक्रार दिलीय, पहिली तारीख लागलीय. काका सोबत यायला तयार झालेत. त्यांचे उपकार कसे मानू कळत नाही.

दादा सध्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस बसून मोजमाप तपासतो. मायक्रोमीटर हातात आला की त्याचा चेहरा वेगळाच होतो.

सिन्नरची_सून | ४ सप्टेंबर २०२३, सकाळी ८:०५

ताई, माझ्या मिस्टरांना कालच असाच कागद दिलाय. कंबरेत गॅप आहे. तुमच्या दादांनी पाठवलेलं पत्र इथे टाकाल का? आम्हाला लिहायला जमत नाहीये.

गोदाकाठ | ४ सप्टेंबर २०२३, सकाळी ८:३०

हो, लगेच टाकते. नाव, टोकन नंबर आणि दुखण्याचा तपशील तुमचा घाला:

'मा. व्यवस्थापक यांस, मी आपल्या कारखान्यात सन ____ पासून काम करत आहे. दि. ____ रोजी मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मला राजीनामा द्यायचा नाही. माझ्या प्रकृतीमुळे मला सलग ____ मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही, परंतु बसून पूर्ण पाळी काम करता येते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला झेपेल असे कोणतेही काम द्यावे. मी रोज कामावर हजर राहण्यास तयार आहे व राहीन. आपला विश्वासू, ____.'

दोन प्रती काढा. एक त्यांच्या हातात द्या आणि दुसरीवर पोच मागा. नाही दिली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण त्या पावतीवरची शाई महिनाभरात उडते. मिस्टर उद्या सकाळी पाळीच्या वेळेला गेटवर जाऊ देत. काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज रात्री बघते.